भार खाली येईपर्यंत

खुणाजीच्या पँटला खिसे आहेत, हे साइटवरच्या मंडळींना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. एरवी त्याचे हात कायम हवेत. टॉवर क्रेनखाली उभं राहून, वर केबिनमध्ये बसून क्रेन चालवणाऱ्या मामांना हाताने खुणा करायच्या, हे त्याचं काम. वर घ्या, खाली सोडा, डावीकडे, हळू, थांबा. वॉकीटॉकी होता की कमरेला, पण मामांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "त्या डब्यातून नुसती खरखर येते, आणि खरखरीवर मी टनभर सळया कुणाच्या डोक्यावरून नेणार नाही," असं ते म्हणत. म्हणून खुणा, आणि म्हणून हा खुणाजी. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

इतकी वर्षं हाताने बोलल्यावर माणसाचं तोंड गंजतं. खुणाजी दुकानात गेला तरी दोन बोटं दाखवून दोन साबण घ्यायचा. बस थांबवायला मूठ वर करायचा, आणि ड्रायव्हर बिचारा दचकून थांबायचासुद्धा. बायको मात्र वैतागायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर डॉक्टरांचं न लागणारं अक्षर लावून घरी यायची, तर घरी हे दुसरं न लागणारं प्रकरण. "मी रडले तरी तू नुसता खांदा थोपटतोस. अरे, काहीतरी बोल ना!" हे वाक्य त्या घराच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. शेवटी दीड वर्षापूर्वी ती वेगळी राहायला गेली. दारू नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. नवरा बोलत नाही म्हणून कुणी घर सोडतं का, असं नातेवाईक म्हणाले. नातेवाइकांचं काय जातं? त्यांना थोडंच त्याच्याबरोबर राहायचं होतं!

मुलगी आईकडे राहिली. सहा वर्षांची होती आणि एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शनिवारी ती बापाकडे यायची, रात्री तिथेच झोपायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. त्या एका रात्रीच्या जोरावर खुणाजीचा सगळा आठवडा जायचा.

आता घटस्फोटाचा निकाल लागायचा होता, आणि भिंगरीचं कायमचं काय ते ठरायचं होतं. कोर्टाने दोघांना विद्यापीठातल्या एका केंद्रात पाठवलं. तिथे एक मानसशास्त्राच्या मॅडम होत्या. आईबाप मुलांशी कसे वागतात, कुठल्या घरात मुलांना मार बसतो आणि तो बाहेरून कसा ओळखायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलेलं, आणि कोर्ट त्यांचं मत मागवायचं. पद्धत सोपी होती. एका खोलीत खेळणी. एका भिंतीला मोठा आरसा, जो पलीकडच्या खोलीतून नुसती काच. आई किंवा बाप मुलाशी खेळणार, मग घंटी वाजणार, आणि दुसरी घंटी होईपर्यंत पसारा आवरायचा. मॅडमचं म्हणणं असं, की खेळताना सगळेच आईबाप गोड असतात. खरा माणूस दिसतो तो पसारा आवरताना. आता हे कुठल्याही घरातली आजी सांगेल म्हणा. पण मॅडम त्या आवरण्याच्या तुकड्याची फिल्म दोन जणांना वेगवेगळी दाखवत, आणि कुटुंब कुणाचं, भांडण कशाचं, यातलं त्यांना काही सांगत नसत. कुणाच्याही बाजूने मन कलायला नको. दोघांची टिपणं जुळली तरच ती गोष्ट अहवालात जायची.

खुणाजीच्या बाबतीत दोघांची टिपणं तंतोतंत जुळली.

त्याच्या वकीलबाईंनी तो भाग त्याला वाचून दाखवला. मूल वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघतं. वडिलांनी मूठ वर केली की जागच्या जागी थिजतं. वडील एक शब्द बोलत नाहीत, तरी मूल निमूट आवरतं, आणि आवरताना एकदाही हसत नाही. मार खाणाऱ्या मुलांमध्ये असं दिसतं. म्हणून पुढची तपासणी होईपर्यंत मुलीने रात्री वडिलांकडे राहू नये. भेटायचं ते केंद्रात, देखरेखीखाली.

"मला स्पष्ट सांगा," वकीलबाई म्हणाल्या. "हात उचललाय का कधी तिच्यावर?"

आता दुसरा कुणी असता तर टेबलावर चढून ओरडला असता, की बाई, तो आमचा क्रेनचा खेळ आहे! पोरगी तीन वर्षांची असल्यापासून खेळतोय! पायात मोजा चढवायचा तर पाय म्हणजे क्रेन, दूध प्यायचं तर पेला म्हणजे भार. मूठ वर म्हणजे थांब, हे साइटवरचं कुत्रंसुद्धा जाणतं. पण आपण चालताना हात हलवतो हे जसं आपल्याला कळत नाही, तसं खुणाजीला आपण खुणा करतोय हे कळतच नसे. आणि कळलं असतं तरी तो बोलला नसता, कारण त्यातलं एक वाक्य त्याच्या वर्मी लागलं होतं. मूल हातांकडे बघतं. हे मूल त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं.

खुणाजीचा बाप घरी आला की खुणाजी आधी त्याचे हात बघायचा. तोंड बघून काही उपयोग नव्हता, हसता हसताही मारायचा तो. हात खिशात असले तर बरं. नुसते लोंबत असले तर दाराजवळ उभं राहायचं. बोटं मिटायला-उघडायला लागली की पळायचं. शेजारच्या काकू त्याच्या आईला म्हणायच्या, "याच्यावर लक्ष ठेव गं बाई. खाण तशी माती." माराचे वळ गेले, पण ती म्हण काही गेली नाही. लग्न झालं तेव्हा आठवली, मुलगी झाली तेव्हा आठवली, आणि आता तर शास्त्रानेच लिहून दिलं होतं.

"माहीत नाही," तो वकीलबाईंना म्हणाला.

"माहीत नाही म्हणजे? हात उचलला की नाही हे माणसाला माहीत नसतं?"

"उचललेला आठवत नाही. पण पोरगी घाबरत असेल, तर तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. असला अशील नशिबी आल्यावर दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून हात खिशात. कामापुरते बाहेर, की लगेच आत. लोक हसले, कुणी म्हणालं की खुणाजी साहेब झाला. मग एकदा खिडक्यांच्या चौकटींचा गठ्ठा वर लटकत असताना त्याला 'थांबा' द्यायचं होतं, आणि मूठ वर जाता जाता मध्येच अडखळली. त्याला त्या मुठीचीच भीती वाटली. गठ्ठा भिंतीला घासून गेला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मामा शिड्या उतरून धापा टाकत खाली आले. त्यांच्या वयात मधल्या वेळी खाली येणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

"झोपलास का रे? मी वर आंधळा असतो, तुझे हात म्हणजे माझे डोळे!"

खुणाजीने सगळं सांगितलं. त्याच्या मानाने ते भाषणच झालं. मामा डोकं खाजवत ऐकत राहिले.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ते म्हणाले. "अरे येड्या, सुट्टीच्या दिवशी पोरगी इथे आली होती, तेव्हा मीच नाही का तिला शिकवलं? भार लटकत असताना हसायचं नाही, बोलायचं नाही, कुणी कितीही ओरडलं तरी ऐकायचं नाही. फक्त खुणावाल्याचे हात बघायचे. काय मन लावून ऐकत होती! जा, सांग की त्या मॅडमना."

"काय सांगू? खेळत होतो म्हणून?"

"हो. मग?"

"माझा बाप पण हेच सांगायचा, मामा. शाळेतल्या बाईंनी माझा हात बघून विचारलं, तर म्हणाला, आम्ही खेळत होतो." खुणाजीने नाक पुसलं. "आणि खेळच कशावरून? घाबरून खेळत असेल तर?"

मामांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि परत वर गेले.

दुसरी भेट मॅडमनीच मागितली होती. एका फिल्मवर मूल कुणाकडे जायचं ते ठरवायचं नाही, हा त्यांचा नियम. या वेळी दोन्ही वकिलांच्या संमतीने भिंगरीची आई काचेपलीकडे मॅडमच्या शेजारी बसणार होती. अट एकच, काही झालं तरी आत यायचं नाही.

"तुम्ही नेहमीसारखे वागा," मॅडम दारात खुणाजीला म्हणाल्या. बाई साध्या होत्या, पायात सपाट चपला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वाईट बोलल्या नाहीत. पण नेहमीसारखं वागा म्हटलं, की चालताना कुठला पाय आधी टाकायचा तेसुद्धा माणूस विसरतो.

भिंगरी धावत आली आणि त्याच्या पायांना मिठी मारून लोंबकळली. खुणाजीचे हात खिशात.

"बाबा, तुझ्या खिशात काय आहे?"

"काही नाही."

"मग हात का आत आहेत?"

"थंडी वाजते."

"मला तर नाही वाजत," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे जरा संशयानेच बघत खेळायला लागली. तिने ठोकळ्यांची इमारत बांधली. खुणाजी छोट्याशा खुर्चीवर अंग चोरून बसला आणि "छान, वा, छान" म्हणत राहिला. तोंडाने बोललं पाहिजे, असं ठरवूनच आला होता.

घंटी वाजली.

"चल बाळ, आवर आता."

भिंगरी लगेच गंभीर झाली. तिने लाकडी ट्रक उचलला. तिच्या मानाने जडच होता. एका हाताने डोक्याच्या वर नेला, आणि तिथे थांबली. तिचे डोळे त्याच्या खिशांवर.

"ठेव ना खोक्यात."

ती हलली नाही.

"ठेव बाळा. बाबा रागावला नाहीये."

भार वर आहे आणि खूण नाही. भिंगरीचा हात थरथरायला लागला. तिने खालचा ओठ दातांत धरला, डोळे भरून आले, पण ती बोलेना आणि हात खाली घेईना. खुणाजीची बोटं खिशातल्या खिशात आवळत होती. काढावेत का हात? काढले, वर गेले, आणि काचेपलीकडे ते परत लिहिलं गेलं, तर? त्याने मान वर केली तर समोर आरसा. आरशात एक दांडगा माणूस हात खिशात घालून बसलेला, आणि त्याच्यापुढे एक पोर थिजून रडतंय. खुणाजीला त्या माणसात आपला बाप दिसला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. भिंगरीची आई आत आली.

"हात काढ बाहेर!"

"अगं, आत यायचं नाही..."

"हात काढ म्हणते ना! पोरीचा खांदा भरून आलाय. तू खूण दिल्याशिवाय ती ते खाली ठेवायची नाही, माहीत नाही का तुला? खाली घे तिचा भार!"

खुणाजीने हात काढले. एक बोट जमिनीकडे धरून हळूच फिरवलं. भिंगरीचे डोळे त्या बोटावर खिळले, गालांवरून पाणी वाहतच होतं, पण ट्रक खाली यायला लागला. डावीकडे. अजून थोडा. मूठ वर. ट्रक खोक्यावर बरोबर थांबला. हळू, खाली. मग त्याने पंजा उघडला, म्हणजे हुक सोड. भिंगरीने ट्रक सोडला आणि रडता रडताच खदखदून हसली.

"किती वेळ लावलास बाबा! माझी क्रेन मोडली असती ना!"

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. भिंगरीची आई त्यांच्याकडे वळली.

"लिहून घ्या, मॅडम. हा खेळ आहे. कामावर क्रेनला करतो त्या खुणा आहेत या. बोलत नाही, एवढाच या माणसाचा गुन्हा. पोरीसमोर याची मूठ वर गेली ती फक्त क्रेन थांबवायला."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"अहवाल वाचला त्याच दिवशी कळलं." ती खाली बघत म्हणाली. "मला तो खेळ कधीच आवडला नाही. ही दोघं हातांनी बोलायची, आणि मी तिसरी, बाहेरची. माझे वकील म्हणाले, हा अहवाल असाच राहिला तर मुलगी पूर्ण तुमची. मला वाटलं, मी कुठे खोटं बोलतेय? मी नुसती गप्प बसलेय." तिने पदराआड तोंड लपवावं तसं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि परत उघडलं. "जन्मभर याला गप्प बसतोस म्हणून बोलले. आणि बोलायची वेळ आली तेव्हा मीच गप्प बसले."

मॅडम तेवढ्यावर विरघळल्या नाहीत, आणि हे बरंच झालं. आईने सांगितलं म्हणून मान डोलावणाऱ्या बाईच्या हाती पोरांचं भलं सोपवता येत नाही. त्यांनी पहिल्या भेटीची फिल्म लावली. टिपणं करणाऱ्यांना आवरण्याचा तुकडाच दाखवायचा असतो, तो शेवटच्या घंटीला संपतो. मॅडमनी या वेळी ती पुढे चालू दिली. घंटी वाजली, पाठमोऱ्या बापाचा हात बाजूला येऊन पंजा उघडला, आणि भिंगरी हसत त्याच्या अंगावर झेपावली. तिने त्याचे दोन्ही हात ओढले आणि आपल्या गालांवर दाबून धरले.

मॅडमनी तो भाग पुन्हा एकदा बघितला. "ज्या हातांची भीती असते, ते कुणी असे गालावर ओढून घेत नाही," त्या म्हणाल्या. "कॅमेरा तुमच्या पाठीमागे होता. खांद्याच्या वर गेलेली मूठ तेवढी दिसली, बाकीच्या खुणा तुमच्या पाठीआड. चूक आमची. तुम्ही काम काय करता, हे मी आधी विचारायला हवं होतं. नवा अहवाल आजच जाईल. शेवटचा शब्द कोर्टाचा, पण मुलीने शनिवारी रात्री तुमच्याकडे राहावं, असं मी स्वच्छ लिहीन."

खुणाजीने आनंदाने उडी वगैरे मारली नाही. तो मटकन खुर्चीत बसला.

"पण तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

मग त्याने बापाचं सांगितलं. हातांचं, दाराजवळ उभं राहण्याचं, काकूंच्या म्हणीचं. तुटक तुटक, पण सांगितलं. बायको इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहिली होती, तिलाही यातलं अर्धं आज कळत होतं. ती मुलीचे केस नीट करायचं निमित्त करून ऐकत राहिली.

"खाण तशी माती," मॅडम म्हणाल्या. "अहो, लहानपणी मार खाल्लेली बहुतेक माणसं आपल्या मुलांना मारत नाहीत. आमचा अभ्यासच हे सांगतो. पण ती आमच्याकडे येत नाहीत, कशाला येतील? म्हणून म्हण सगळ्यांना पाठ, आणि तुमच्यासारखी माणसं कुणाला दिसत नाहीत."

खुणाजीने आपले हात उलटेसुलटे करून बघितले.

"मॅडम, तुमच्या अभ्यासातून ते काढू नका पण."

"काय?"

"हातांकडे बघणारं पोर. ते खरं आहे. तसलं पोर तसंच बघतं." त्याने काचेकडे बोट केलं. "मी लहान होतो तेव्हा अशी काच असती, आणि पलीकडे कुणी बसलं असतं, तर... तुम्ही माझ्या पोरीसाठी एवढं बघितलंत. तुमचे उपकार आहेत. आमच्यासारख्याला चार दिवस त्रास झाला तर होऊ दे, पण तुम्ही बघायचं सोडू नका."

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ पुसला.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात भिंगरी पुढे धावत गेली. ही दोघं मागे राहिली. एका टोकाला पहारेकरी बसला होता, दुसऱ्या टोकाला एक बाई फरशी पुसत होती. खुणाजी थांबला. बायकोच्या खांद्यावर थोपटायला त्याचा हात उठला होता, तो त्याने खाली घेतला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला.

त्याला हळू बोलायची सवयच नव्हती. साइटवर तोंड उघडायचं म्हणजे ओरडायचं. त्यामुळे पहिलं वाक्य सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं. "तू आज आली नसतीस तर माझी पोरगी गेली असती!" पहारेकरी उठून उभा राहिला. खुणाजी लाल झाला, पण थांबला नाही. "तू जिंकली होतीस. गप्प राहिली असतीस तरी कुणाला कळलं नसतं. मी सुद्धा तुला काही म्हटलं नसतं, मला तर वाटत होतं मीच तसला आहे. तू आत येऊन मला सांगितलंस की मी तसला नाही. माझ्या आईने पण नव्हतं गं कधी सांगितलं. तू रडायचीस तेव्हा मला वाटायचं, तोंड उघडलं तर बापाचा आवाज बाहेर येईल, म्हणून मी... तेव्हा सांगायला हवं होतं. तुझे उपकार मी सात जन्मांत फेडू शकणार नाही, आणि घर सोडलंस त्याचा मला राग नाही, आणि ते औषधांच्या दुकानात तू किती दमून यायचीस ते मला दिसायचं, आणि..."

फरशी पुसणारी बाई पुसायचं विसरली होती. भिंगरीच्या आईचे डोळे वाहत होते. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मग तिने हात वर नेला आणि मूठ मिटली.

खुणाजी जागच्या जागी थांबला.

भिंगरी परत धावत आली होती. तिने आईच्या मुठीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. आई रडता रडता हसायला लागली, तसं तिने तोंडावर बोट ठेवलं. "आई, हसायचं नाही! भार अजून वर आहे."

आईने डोळे पुसले. एक बोट जमिनीकडे केलं, आणि त्याच्याइतकं सफाईने नाही, पण हळूच फिरवलं.

"शनिवारी वेळेवर ने तिला," ती म्हणाली. "आणि राहिलेलं तेव्हा बोल. मी ऐकेन."